हॅलोविनची जुनी शुभेच्छा-कार्डे: अस्सल कोणते, किती जुने आणि जपावे कसे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका जुन्या घरातील सामानाच्या विक्रीत आपल्याला हॅलोविनच्या शुभेच्छा-कार्डांचा, म्हणजे पाकिटाविना टपालाने पाठवायच्या चित्रकार्डांचा, एक लहान अल्बम मिळाला. विक्रेत्याने ही कार्डे '१९००च्या आसपासची' असल्याचे सांगितले. ती खरोखर तितकी जुनी आहेत की अलीकडच्या नकला आहेत, त्यांचा काळ कसा ठरवावा आणि पुण्याला आणल्यावर ती कशी सांभाळावीत, असे आपण विचारले आहे. जुन्या छापील कागदांचा संग्रह आणि देवघेव मी बरीच वर्षे करीत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

पहिली गोष्ट म्हणजे चित्राकडे सर्वांत शेवटी पाहावे. कंदिलासारखा कोरलेला भोपळा, काळे मांजर, झाडूवरची चेटकीण हे सगळे मन वेधून घेते आणि नकला करणारे नेमके तेवढेच उचलतात. कार्डाची पाठ, कागद आणि छपाई यांची नक्कल सहसा कोणी मन लावून करीत नाही, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी.

अमेरिकेत खासगी प्रकाशकांच्या कार्डांना सरकारी कार्डाच्याच, म्हणजे एक सेंटच्या दराने टपालात जाण्याची मुभा मे १८९८च्या कायद्याने मिळाली. तरीही पाठीवर केवळ पत्ता लिहिता येत असे आणि मजकूर लिहायचा तर चित्राच्या बाजूला, कडेच्या मोकळ्या जागेत दाटीवाटीने लिहावा लागे. १ मार्च १९०७ पासून पाठीच्या मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहिण्यास परवानगी मिळाली. ब्रिटनमध्ये ही सोय १९०२ मध्ये, तर जर्मनीत १९०५ मध्ये झाली होती. म्हणून अमेरिकी बाजारासाठी छापलेल्या आपल्या कार्डाच्या पाठीवर अशी उभी रेघ असेल, तर ते बहुधा १९०७ नंतरचे समजावे. आता हॅलोविनच्या कार्डांचा खरा बहर याच सुमारास सुरू झाला आणि पहिल्या महायुद्धाबरोबर ओसरला, त्यामुळे अखंड पाठीची, म्हणजे मधली रेघ नसलेली, हॅलोविन कार्डे फार थोडी आढळतात. विक्रेते 'एकोणीसशेचे' हा गोल आकडा सवयीने सांगतात. त्यांनी तसे सांगितले म्हणून कार्ड खोटे ठरत नाही, पण हातातले कार्ड अस्सल असले तरी ते १९०८ ते १९१३ या दरम्यानचे असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

पोस्टाचा शिक्का आणि तिकीट यांची साक्ष महत्त्वाची असली तरी ती एकतर्फी असते. शिक्क्यावरच्या तारखेमुळे कार्ड त्या दिवसानंतर छापलेले नाही एवढेच सिद्ध होते, कारण दुकानात किंवा टेबलाच्या खणात पडून राहिलेली कार्डे पाच-सात वर्षांनीही टपालात पडत. तिकिटावरून मात्र चांगला पडताळा घेता येतो. १९०८ च्या अखेरीस निघालेल्या एक सेंटच्या हिरव्या तिकिटावर बेंजामिन फ्रँकलिन आहे आणि १९१२ पासून त्याच किमतीच्या हिरव्या तिकिटावर जॉर्ज वॉशिंग्टन आला. शिक्का १९०९ चा आणि तिकीट वॉशिंग्टनचे असलेले एक सेंटचे कार्ड समोर आले, तर काहीतरी गडबड आहे हे निश्चित समजावे. नोव्हेंबर १९१७ पासून जून १९१९ अखेरपर्यंत युद्धकाळातील वाढीव दराने कार्डाला दोन सेंट पडत होते, हेही ध्यानात ठेवावे. तिकिटाच्या जागी छापलेल्या चौकटीत 'देशांतर्गत एक सेंट, परदेशी दोन सेंट' अशा अर्थाची इंग्रजी सूचना असली तर ती त्या काळाशी जुळते. प्रकाशकाच्या पत्त्यात पाच आकडी टपाल क्रमांक असेल, तर कार्ड १९६३ नंतरचे आहे, कारण ते क्रमांक त्याच वर्षी सुरू झाले. बारकोडाबद्दल वेगळे सांगायला नको, तरी बारकोड असलेल्या कार्डाला 'अँटिक' म्हणून भाव सांगणारी माणसे मी पाहिली आहेत.

यानंतर छपाई पाहावी. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. सराफ किंवा घड्याळजी वापरतात तसले साधे भिंग चालते. बहराच्या काळातील उत्तम कार्डे अमेरिकेत विकली जात असली तरी छापली जात जर्मनीत, म्हणून पाठीवर बारीक अक्षरात 'प्रिंटेड इन जर्मनी' किंवा क्वचित 'प्रिंटेड इन सॅक्सनी' (सॅक्सनी हा जर्मनीतलाच प्रांत) असे आढळते. आयात मालावर उत्पादक देशाचे नाव घालण्याची सक्ती अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने केली होती, त्याचा हा लाभ आज आपल्याला होतो. जर्मन कारागिरांची ती पद्धत म्हणजे रंगीत शिळाछाप. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्यावर कारागिराने हाताने उमटवलेले बारीक ठिपके, आणि एकामागून एक रंग अचूक जागी बसवत केलेली छपाई. एका कार्डासाठी सहा, आठ, कधी त्याहून जास्त रंग वापरले जात. अशा कार्डावर भिंग धरले की भोपळ्याच्या नारिंगी गालावर पिवळे, गुलाबी, तपकिरी ठिपके वाळूसारखे विखुरलेले दिसतात. त्यांना ठरावीक मांडणी नसते, आकारही सारखे नसतात आणि प्रत्येक ठिपका त्याच्या स्वतःच्या घट्ट रंगाचा असतो. आधुनिक ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चारच रंगांचे ठिपके जाळीत बसून लहान लहान फुलांसारखे नियमित वर्तुळाकार गुच्छ तयार होतात. ते गुच्छ भोपळ्यापासून आकाशापर्यंत सर्वत्र एकसारखे दिसले, तर कार्ड नक्कल आहे असे मानण्यास हरकत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. जाळीच्या ठिपक्यांची छपाई त्या काळातही अस्तित्वात होती आणि काही कार्डांत केवळ एका रंगासाठी, विशेषतः काळ्या किंवा तपकिरी रेखाटनासाठी, जाळी वापरून बाकीचे रंग शिळाछापाने चढवलेले असतात. म्हणून एखाद्या कोपऱ्यात नियमित ठिपके दिसले की लगेच कार्ड बाद करू नये. चार रंगांचा तो ठरावीक गुच्छ दिसतो का, हाच प्रश्न विचारावा.

ही नजर तयार करण्यासाठी हॅलोविनचीच कार्डे हवीत असे नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत जो छापखाना काढला आणि जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथे हीच पद्धत आणि जर्मन तंत्रज्ञ होते; फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने पुढे तो छापखानाच विकत घेतला. आपल्याकडे अनेक घरांत त्या छापखान्याची लक्ष्मी किंवा सरस्वती चौकटीत लावलेली आढळते. आपल्या आजोळी तसे एखादे जुने चित्र असेल, तर त्याच्या साडीच्या काठावर भिंग धरावे आणि नंतर बाजारातल्या आजच्या कॅलेंडरवर धरावे. पाच मिनिटांत जो फरक डोळ्यांत बसेल, तो माझ्या या साऱ्या वर्णनाने बसणार नाही.

छपाईबरोबर उठाव तपासावा. त्या काळी पुष्कळ कार्डांवर साच्याने दाब देऊन चित्र उठवलेले असे. कार्ड डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरून बाजूने उजेड पाडला, की भोपळा, मांजराची पाठ, चौकटीची वेलबुट्टी वर आलेली दिसते आणि मागच्या बाजूला त्याच जागी खळगे लागतात. नकलेत मूळ कार्डाच्या उठावाची सावली छायाचित्रात आलेली असते, म्हणजे डोळ्यांना उठाव भासतो पण बोट फिरवले तर कागद सपाट लागतो. माझ्या मते नवख्या माणसासाठी ही सर्वांत भरवशाची खूण आहे. अर्थात, सगळीच जुनी कार्डे उठावाची नव्हती, हे विसरू नये. मापही पाहावे: जुनी कार्डे साधारण साडेतीन इंच बाय साडेपाच इंच असतात, तर आजची पुष्कळ कार्डे चार बाय सहाची असतात. शेवटी अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याचा अतिनील दिवा क्षणभर धरून पाहावा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने घालण्याची रीत साधारण १९५० च्या सुमारास रूढ झाली, आणि असा कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा झळाळतो. जुना कागद मंद, पिवळट राहतो.

आता चित्राकडे वळू, कारण ते वाचता आले तर काळही कळतो आणि कार्ड ठेवून घेण्याजोगे का आहे तेही उमजते. आज हॅलोविन म्हटले की वेष बदलून दारोदार खाऊ मागणारी मुले आठवतात. बहराच्या काळातील कार्डांवर ती जवळजवळ दिसतच नाहीत. 'ट्रिक ऑर ट्रीट' हा शब्दप्रयोग अमेरिकेत १९२० नंतर हळूहळू पसरला, म्हणून तो छापलेले कार्ड कोणी १९१० चे म्हणून दाखवले तर ते निमूटपणे परत करावे. या कार्डांतला सण मुख्यतः तरुण मुलामुलींचा आहे आणि त्याचा गाभा भुताखेतांपेक्षा लग्नाच्या भविष्याचा आहे. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचे हे खेळ अमेरिकेत आणले. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने १७८५ मध्ये याच सणावर लिहिलेल्या दीर्घ कवितेत ते तपशिलाने येतात: डोळे मिटून मळ्यातील कोबीवर्गीय भाजीचा बुंधा उपटायचा आणि तो सरळ की वाकडा यावरून जोडीदाराचा बांधा ओळखायचा, दोन नावांची दोन कवचफळे विस्तवात टाकायची आणि ती शांतपणे शेजारी जळतात की फुटून दूर उडतात यावरून संसार जोखायचा, आरशासमोर सफरचंद खात उभे राहून होणाऱ्या नवऱ्याचा चेहरा दिसण्याची वाट पाहायची. सफरचंदाची साल अखंड सोलून खांद्यावरून मागे टाकली की जमिनीवर पडलेल्या वेटोळ्यातून त्याच्या नावाचे आद्याक्षर वाचण्याचा खेळही कार्डांवर पुष्कळदा दिसतो.

माझ्याकडच्या एका कार्डावर हे आरशाचे चित्र आहे. पांढऱ्या पोशाखातील मुलगी एका हाताने मेणबत्ती उचलून उभी आहे, घड्याळाचे दोन्ही काटे बारावर आहेत आणि आरशात तिच्या खांद्यामागे मिशीवाला तरुण हसतो आहे. चौकटीच्या चारही कोपऱ्यांत लहान भोपळे असून त्यांपैकी एकच डोळा मिचकावतो. पाठीवर हिरवा फ्रँकलिन आहे, शिक्का ऑक्टोबर १९१० चा आहे आणि पेन्सिलीने लिहिलेल्या मजकुरात आरसा, नवरा, चेटकीण यांपैकी कशाचाही उल्लेख नाही: शनिवारच्या गाडीने येते, स्टेशनवर कोणाला तरी पाठवा, आणि आईचा खोकला आता बरा आहे. पुष्कळ कार्डांवर असेच असते. ती सणाची भेट होती तसाच स्वस्त निरोपही होती. जून १९०८ अखेर संपलेल्या एका वर्षात अमेरिकेच्या टपालातून ६७ कोटी ७७ लाखांहून अधिक कार्डे गेली, तीही देशाची लोकसंख्या नऊ कोटींच्या आत असताना, ही बाब ध्यानात घेतली म्हणजे एका सेंटचे महत्त्व कळते.

रंगांचेही तसेच. नारिंगी आणि काळा ही जोडी आज सक्तीची वाटते, पण जर्मन छपाईच्या कार्डांत जांभळी आकाशे, गर्द हिरव्या चौकटी आणि लालभडक सैताने भरपूर आहेत. भोपळ्याचे डोके आणि इतर भाज्यांचे हातपाय असलेली माणसे हा प्रकार तर मला फार आवडतो. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा खट्याळपणा जास्त असतो.

प्रकाशक आणि चित्रकार यांची काही नावे ओळखीची असावीत. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील स्टेपलटन येथील जॉन विंश याची हॅलोविन कार्डे संग्राहकांत सर्वांत मानाची समजली जातात. त्यांवर बहुधा विंशचे नाव आणि स्वामित्वहक्काचे वर्ष छापलेले असते, त्यामुळे काळ ठरवण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यातील कमनीय, मोहक चेटकिणी सॅम्युएल श्मुकर (१८७९–१९२१) याच्या आहेत, पण विंशच्या कार्डांवर त्याची सही नसते, ती शैलीवरून ओळखावी लागते. एलन क्लॅपसॅडल (१८६५–१९३४) हिची गुबगुबीत मुले मात्र बहुधा सहीसकट येतात. तिने इंटरनॅशनल आर्ट पब्लिशिंग कंपनीसाठी केलेल्या चार कार्डांत मुलाचा हात धातूच्या बारीक खिळ्यावर फिरतो आणि हातातला भोपळा चेहऱ्यासमोर येतो. त्या चारांपैकी कृष्णवर्णीय मुलाचे कार्ड सर्वांत दुर्मीळ आहे. आपल्या अल्बममध्ये हात हलणारे कार्ड असेल, तर तो हलवून पाहण्याचा मोह आवरावा, कारण शंभर वर्षांचा कागद त्या खिळ्यापाशीच फाटतो. फ्रान्सेस ब्रंडेज (१८५४–१९३७) ही तिसरी मोठी चित्रकर्ती. तिने लंडनच्या राफाएल टक अँड सन्ससाठी पुष्कळ काम केले. टकच्या कार्डांच्या पाठीवर चित्रकार चित्र टेकवतो त्या लाकडी घोडीचे आणि रंगपाटीचे बोधचिन्ह आणि बहुधा मालिकेचा क्रमांक असतो. या कंपनीचे लंडनमधील मुख्यालय २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाले आणि दप्तरही जळाले, म्हणून टकच्या मालिकांच्या याद्या संग्राहकांना कार्डे जमवूनच नव्याने तयार कराव्या लागल्या.

या छपाईचा शेवट दोन धक्क्यांनी झाला. १९०९ च्या नव्या जकात कायद्याने आयात कार्डांवरचा कर वाढला, त्याआधी व्यापाऱ्यांनी भरमसाट माल भरून ठेवला आणि बाजार तुंबून भाव पडले. मग १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होऊन जर्मनीहून माल येणेच थांबले. त्यानंतरच्या अमेरिकी कार्डांना शाई वाचवण्यासाठी पांढरी किनार ठेवलेली दिसते, रंग उथळ असतात आणि कागदही हलका वाटतो. आपल्याकडे अशी कार्डे निघाली तर ती खोटी नाहीत, केवळ १९१५ ते १९३० या दरम्यानची आहेत.

किमतीबद्दल थोडेच सांगतो. नाताळ आणि ईस्टरच्या कार्डांच्या मानाने हॅलोविनची कार्डे कमी निघाली आणि मागणी मात्र त्यांनाच सर्वाधिक आहे, त्यामुळे साधे, प्रकाशकाचे नाव नसलेले कार्डही पाच-दहा डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही आणि विंशच्या चांगल्या कार्डाला शेकडो डॉलर पडतात. कोपऱ्यावरची एक दुमड किंमत निम्म्यावर आणू शकते. टपालातून गेलेले कार्ड कमी प्रतीचे मानण्याची काही विक्रेत्यांची पद्धत मला पटत नाही. शिक्का आणि मजकूर चित्रावर आला नसेल, तर मी असेच कार्ड आधी उचलतो.

पुण्याला आणल्यावर खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर या काळात कागद सादळतो, उठावाच्या खळग्यांत बुरशी धरते आणि तपकिरी ठिपके एकदा पडले की घरच्या घरी जात नाहीत. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना तर हे दुप्पट सोसावे लागते. प्रत्येक कार्ड पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या स्वतंत्र पाकिटात ठेवावे. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटे कटाक्षाने टाळावीत, कारण त्यांतून सुटणारी द्रव्ये शाईला चिकटतात. चिकट पानांचे फोटो अल्बम त्याहून वाईट. पाकिटे आम्लरहित पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी, फार दाटी न करता ठेवावीत, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात किंवा तापवून कोरड्या कराव्यात. खोके बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात किंवा माळ्यावर नको. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपली सवय कापडापुरती ठीक आहे, कागदाशेजारी त्या ठेवू नयेत. त्याऐवजी महिन्या-दोन महिन्यांनी खोके उघडून पाहणे अधिक उपयोगी पडते. लॅमिनेशन तर कधीही करू नये. भिंतीवर लावायचेच असेल, तर चांगल्या प्रतीची रंगीत प्रत काढून ती लावावी.

तुम्हाला मिळालेला मूळ अल्बम जुना, काळ्या किंवा करड्या पानांचा आणि कोपऱ्यांना खाचा असलेला असेल, तर घाई करून कार्डे ओढून काढू नयेत. आधी प्रत्येक पानाचे जसेच्या तसे छायाचित्र घ्यावे, कारण कोणते कार्ड कोणाशेजारी होते यावरून कुटुंब, गाव आणि साल यांचे धागे पुढे जुळतात. नंतर बोथट, सपाट पट्टीने कोपरा सैल करावा. डिंकाने चिकटवलेली कार्डे पाण्याने सोडवण्याच्या भानगडीत न पडता ती पानासकट कापून ठेवावीत किंवा कागदसंवर्धकाकडे द्यावीत. प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात सणांची अशी पुष्कळ कार्डे पाहायला मिळतात, तिथे आपल्या चित्राचे जुळे सापडते का ते पाहावे. इतके करूनही एखाद्या कार्डाबद्दल शंका राहिली, तर त्याच्या पाठीचे आणि भिंगातून घेतलेल्या भोपळ्याच्या गालाचे छायाचित्र मला पाठवावे. पुढच्या बाजूचे नाही पाठवले तरी चालेल.